शिट्टी कुणाकडे आणि भिंग कुणाकडे : कास पठारावरच्या एका ओल्या तुकड्याचं प्रकरण

हे प्रकरण कास पठारावरच्या अगदी छोट्या जागेचं आहे. दोन बाजा शेजारी-शेजारी टाकाव्यात एवढीच ती जागा. खालच्या अंगाला पायवाट, वरच्या अंगाला उघडा कातळ, आणि कातळातून दिवसरात्र झिरपणारं पाणी. मधल्या बोटभर मातीत सप्टेंबरात सीतेची आसवं इतकी दाट फुलतात की गवतसुद्धा दिसत नाही. अधूनमधून गेंदाची पांढरी गोल डोकी वर आलेली असतात. वाटेवरून येणाऱ्या प्रत्येकाला इथे थांबावंसं वाटतं, आणि थांबलेल्या बहुतेकांना त्या निळ्या-जांभळ्या रंगात उभं राहून फोटो काढावासा वाटतो.

या जागेवर एका हंगामात दोन हंगामी मार्गदर्शक नेमले होते. त्यांनी काय केलं, त्यातलं काय चाललं आणि काय नाही, हे सविस्तर मांडतो आहे. मी साताऱ्यात राहतो. हंगामाआधी मार्गदर्शकांना फुलांची ओळख करून देण्याच्या कामात मदत करतो आणि गर्दीच्या दिवसांत त्यांच्यासोबत वर असतो. ठोसेघर, सागरेश्वर किंवा चांदोलीच्या बाजूला असंच काम करणाऱ्यांना यातलं काही कामी येईल, असं मला मनापासून वाटतं.

आधी जागेबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पाय पडल्याने नेमकं काय बिघडतं ते कळत नाही. साताऱ्याहून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळपास १,२०० मीटर उंचीवर हा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचा सपाट माथा आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. महाराष्ट्रातून त्यात कोयना, चांदोली आणि राधानगरीसोबत कासचा समावेश झाला. इथे फुलणाऱ्या वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. एवढी विविधता म्हटल्यावर माणसाला सुपीक जमीन डोळ्यांपुढे येते, पण इथे नेमकं उलटं आहे. कातळावर मातीचा जेमतेम थर असतो. जोरदार पाऊस त्यातलं उरलंसुरलं खत धुऊन नेतो, आणि पावसाळा सरला की काही आठवड्यांत सगळं कोरडं ठणठणीत होतं. अशा ठिकाणी मोठं झाड तग धरत नाही. तग धरतात त्या पावसाच्या तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या लहान वनस्पती. दीपकाडी आणि चवर आधी येतात; तेरडा, सोनकी, मिकी माऊस म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली स्मिथिया मागून येतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण सहज बोलून जातो, पण पठारावर उभं राहून ते ऐकलं की वेगळं वाटतं. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी या सगळ्या एका वर्षाच्या पाहुण्या आहेत. यंदा बी पडलं नाही, तर पुढच्या वर्षी त्या जागी उगवायला मातीत राखून ठेवलेलं तेवढं बी कमी झालं, असा सरळ हिशेब आहे.

आता माणसांबद्दल. पठाराची देखभाल वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या मिळून पाहतात. कास, आटाळी, एकीव, कासाणी ही त्यातली काही गावं. ऑनलाइन नोंदणी, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, वाहनतळ, तिकीट, स्वच्छता, वाटेवरची राखण, माहिती सांगणं अशी सगळी व्यवस्था हंगामापुरती उभी राहते, आणि हंगाम ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. कामाला येणारी बहुतेक मंडळी याच गावांतली असतात. या पट्ट्यातल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईत असतं. जे मागे राहतात, त्यांच्यासाठी गावात मिळणारी ही रोख मजुरी मोलाची आहे. मात्र ती येते नेमकी भात-नाचणीच्या दिवसांत. त्यामुळे बाया पहाटे गोठा उरकून, घरचं रांधून पठारावर येतात आणि परत गेल्यावर रानातलं काम बघतात. हंगामी कामाबद्दल बोलताना ही गोष्ट कुणी विचारात घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

मधल्या काही वर्षांत पठाराला तारेचं कुंपण होतं. पुढे ते काढण्यात आलं. गुरं यायची बंद झाली तसं गवत माजलं आणि फुलं घटली, असं गावातली जाणती माणसं सांगत आली आहेत, आणि त्यांच्या सांगण्यात मला तथ्य वाटतं. कुंपण असण्या-नसण्याचा वाद इथे उगाळत नाही. एवढंच, की तार गेली तेव्हा पर्यटक आणि फूल यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस अधिक महत्त्वाचा झाला.

आमच्या ओल्या तुकड्यावर नेमलेल्या दोघांपैकी एक होता साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारा मुलगा. शास्त्रीय नावं तोंडपाठ, उत्साह दांडगा. दुसऱ्या पठाराखालच्या गावातल्या ताई, पन्नाशीच्या आसपासच्या. लहानपणी याच सड्यावर गुरं राखलेल्या. कुठल्या खळग्यात पाणी किती दिवस टिकतं, कुठल्या उतारावर तेरडा आधी फुलतो, हे त्यांना न विचारता माहीत. दोघांनाही हंगामाच्या सुरुवातीला एकेक शिट्टी मिळाली होती.

पहिले दिवस शिट्टीचे गेले. कुणी वाट सोडून फुलांत उतरलं की मुलगा शिट्टी वाजवायचा. माणूस दचकून बाहेर यायचा, काही जण ओशाळायचे, काही भांडायला उठायचे. ‘आम्ही तिकीट काढून आलोय, फुकट नाही,’ हे वाक्य रोज ऐकू यायचं. शिट्टीने तो एक माणूस बाहेर यायचा खरा, पण पाठोपाठ येणाऱ्या घोळक्याला ती शिट्टी ऐकूच गेलेली नसायची. ते पुन्हा तिथेच उतरायचे. त्यांना मळलेली पावलं दिसायची आणि वाटायचं, इथे उतरायची मुभा आहे. आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. शिट्टी वाजवणाऱ्या मुलाजवळ येऊन कुणी फुलाबद्दल एकही प्रश्न विचारत नव्हतं. त्याच्या डोक्यात एवढं ज्ञान होतं, पण लोक त्याला पहारेकरी समजून लांबून जायचे.

मग काठ्या रोवून दोरी बांधून पाहिली. दोरीने दोन तोटे झाले. ओल्या मातीत काठ्या ठोकताना मूळ दुखणं वाढलं; बोटभर मातीत काठी उभी राहायची तर खालच्या फटीपर्यंत खोचावी लागते आणि भोवतालची झाडं उखडतात. दुसरं म्हणजे दोरी पाहून लांबची माणसंही ‘इथे काहीतरी खास असणार’ म्हणून वळायला लागली. दोरीला रेलून फोटो निघू लागले. फलकाचंही तेच झालं. धुकं आणि पावसाची झड असताना छत्री सावरत कुणी फलक वाचत नाही. दोरी काढली.

वळण आलं ते ताईंमुळे. एका रविवारी पाऊस उघडला होता आणि वाट माणसांनी भरली होती. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईचा हात सोडून थेट फुलांत शिरला. ताईंनी शिट्टी वाजवली नाही. त्या वरच्या बाजूला उघड्या कातळावर उकिडव्या बसल्या आणि त्याला हाक मारली, ‘बाळा, हितं ये माझ्याजवळ. किडं खाणारं फूल बघायचंय?’

पोरगं तडक त्यांच्याकडे गेलं. ताईंच्या कमरेच्या पिशवीत एक साधं भिंग होतं, प्रशिक्षणात प्रत्येकाला दिलेलं. कातळाच्या फटीत ड्रोसेराचं एक तांबूस रोप होतं, बोटाच्या पेराएवढं. त्याच्या पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब लोंबत होते आणि त्यातल्या एका पानाला चिलटासारखा किडा चिकटला होता. भिंगातून ते पाहताना मुलाने श्वास रोखला होता. आई-वडील मागून आले आणि तेही कातळावर बसले. मग ताईंनी सीतेच्या आसवांकडे बोट केलं. ‘ह्ये बी तसलंच हाय. पर ह्याचं तोंड खाली मातीत. बारक्या बारक्या पिशव्या असत्यात, राईच्या दाण्याहून ल्हान. पाण्यातला जीव दाराशी आला की गपकन आत वढत्यात.’

त्यांचं सांगणं शास्त्राला धरून होतं. या वनस्पतीला खरं मूळ नसतं. मातीत पसरलेल्या धाग्यांसारख्या फांद्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे आत दाब कमी होतो. दाराशी असलेल्या केसाला एखाद्या जीवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सगळं पापणी लवण्याआधी घडतं. या मातीत नत्र फार कमी, ते या शिकारीतून भरून निघतं.

मुलाने विचारलं, ‘मग पिशव्या दिसत का नाहीत?’

‘मातीत हायत म्हणून. मगाशी तू हुबा व्हतास ना, त्या पायाखाली.’

मुलाने आपल्या बुटांकडे पाहिलं. ताई पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातात पुन्हा भिंग दिलं. थोड्या वेळाने त्याचे वडील फोटोसाठी फुलांत उतरू लागले, तेव्हा त्यानेच त्यांच्या शर्टाचं टोक धरून ओढलं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. हे कुटुंब कातळावर बसलेलं पाहून मागून येणारी माणसंही कातळावरच येऊन बसली. लोक जिथे बसलेत तिथे आपण बसायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. वाटेपासून कातळापर्यंत एक दगडी धार जाते, तिच्यावर झाड उगवत नाही. सगळे त्या धारेवरून वर गेले. ओला तुकडा कितीतरी वेळ मोकळा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही हेच ठरवून करायला लागलो. ताईंची जागा कातळावर, बसून. कॉलेजातला मुलगा तुकड्याच्या थोडं अलीकडे, वाट वळते तिथे. त्याने येणाऱ्याला एवढंच सांगायचं, ‘पुढे कातळावर बसून बघायचं आहे, ताई दाखवतील.’ काय करू नका हे सांगण्याऐवजी कुठे जा हे सांगितलं की माणूस लगेच ऐकतो. शिट्ट्या दोघांकडूनही काढून घेतल्या.

फोटोचा प्रश्न मात्र उरला होता. तो टाळून चालणार नव्हतं, कारण लांबून, गाड्या करून आलेल्या माणसाची फोटोची इच्छा अगदी साधी आणि रास्त आहे. तो प्रश्न सोडवला कॉलेजातल्या मुलाने. त्याने लोकांना पायवाटेवरच उभं केलं, स्वतः कातळाच्या कडेला बसला आणि मोबाइल उलटा धरला. उलटा धरला की कॅमेऱ्याची काच खाली येते, जवळजवळ दगडाला टेकते. मग समोरची फुलं मोठी आणि दाट दिसतात, त्यांच्यामागे वाटेवरची माणसं जणू फुलांत बुडालेली दिसतात. प्रत्यक्षात त्यांचा एक पायही फुलांत नसतो. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत विरळ फुलं आणि चिखल दिसतो. हा फोटो त्याहून कितीतरी सुंदर येतो. ज्याने तो आपल्या मोबाइलवर पाहिला, त्याला फुलांत उतरायचं कारणच उरलं नाही. उलट लोक रांग लावून ‘आमचाही तसाच काढा’ म्हणू लागले. रांगेत उभ्या लोकांना मग तो स्मिथियाच्या पिवळ्या पाकळीवरचे दोन लाल ठिपके दाखवायचा, तेरड्याची फुगीर बोंडं हात लावताच का फुटतात ते सांगायचा. ज्या मुलाजवळ कुणी फिरकत नव्हतं, त्याच्याभोवती आता गर्दी असायची.

सगळे ऐकले असं नाही. एका दुपारी वेगवेगळे पोशाख, छायाचित्रकार आणि सामान घेऊन एक गट आला. त्यांना फुलांच्या मधोमधच चित्रीकरण हवं होतं. मुलाने विनंती केली, ताईंनी कातळावर बोलावलं, पण ते उतरलेच. ताई जागच्या उठल्या नाहीत. त्यांनी फोन करून पर्यवेक्षकांना बोलावलं. पर्यवेक्षक आले, त्यांनी नियम सांगितला, दंडाची समज दिली आणि गट बाहेर काढला. तेवढ्या वेळात एक कोपरा चांगलाच चेंगरला होता. ताईंसोबत कातळावर बसलेली माणसं हे सगळं पाहत होती आणि ताईंचं सांगणं मध्ये तुटलं नाही.

या प्रकरणातून मी काढलेला निष्कर्ष इथेच आहे. दाखवणारा आणि दटावणारा हे दोघं वेगळे हवेत. दोन्हींची गरज आहे. निव्वळ गोड बोलून सगळं भागतं असं म्हणणारे गर्दीच्या रविवारी पठारावर उभे राहिलेले नसतात. पण एकाच माणसाच्या हातात शिट्टीही दिली आणि भिंगही दिलं, तर शिट्टी भिंगाला निकामी करते. ज्याने आत्ता आपल्याला चारचौघांत हटकलं, त्याच्या शेजारी जाऊन कोण बसेल? हंगामी माणसांची नेमणूक करताना पहिल्या दिवसापासून ही विभागणी करायला हवी. दंडाचा अधिकार आणि शिट्टी पर्यवेक्षकांकडे. वाटेवरच्या मार्गदर्शकाकडे भिंग, एक ठरलेली जागा, आणि अडचण आली तर लगेच लागेल असा एक फोन नंबर. पठारावर रेंज सगळीकडे सारखी नाही, म्हणून जागा ठरवताना तेही तपासून घ्यावं.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. आजवर आम्ही मार्गदर्शकांना जास्तीत जास्त फुलं ओळखायला शिकवत आलो. तयारीला मिळतात मोजके दिवस, त्यात नावांची भली मोठी यादी. ताईंनी त्या रविवारी दोनच वनस्पती दाखवल्या आणि तेवढ्याने काम झालं. प्रत्येक मार्गदर्शकाला त्याच्या ठरलेल्या जागेच्या पाच पावलांत काय उगवतं, ते कसं जगतं आणि पाय पडला तर त्याचं काय होतं, एवढं पक्कं यावं. बाकी नावं हळूहळू येतील. आणि मोबाइल उलटा धरायची युक्ती पहिल्याच दिवशी शिकवावी, कुठल्याही शास्त्रीय नावाच्या आधी.

या पद्धतीची किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. दोन माणसं एका तुकड्यापाशी बसली की पुढच्या वळणावर कुणी नसतं. पठार सुमारे १० चौरस किलोमीटरचं आहे आणि हंगामी माणसं मोजकीच. म्हणजे कुठल्या जागा राखायच्या आणि कुठल्या सोडायच्या, हे निवडावंच लागतं. माझ्या मते वाटेला खेटून असलेल्या, पाणी झिरपणाऱ्या जागांना पहिला मान द्यावा. तिथली माती सगळ्यात पातळ, फुलं सगळ्यात नाजूक आणि पर्यटकांची ओढही तिथेच. कारवीच्या झुडपांत सहसा कुणी शिरत नाही. काही वर्षांतून एकदाच फुलणारी टोपली कारवी बहरलेल्या वर्षी गर्दी वाढते तेव्हा तिथेही माणूस लागेल. शिवाय ओल्या कातळावर तासन् तास उकिडवं बसणं सोपं नाही. ताईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी एक पाट आणि खाली घालायला जाड प्लास्टिकचा तुकडा आणला, दर दोन तासांनी बदली ठेवली. इतक्या साध्या सोयीसुद्धा कुणाच्या यादीत नव्हत्या.

परिणाम काय झाला? वाटेच्या पलीकडच्या अंगाला असाच एक ओला तुकडा आहे, तिथे कुणी नेमलेलं नव्हतं. सप्टेंबर संपताना तिथे बुटांच्या ठशांत पाणी साचलं होतं आणि फुलांच्या काड्या चिखलात निजल्या होत्या. आमच्या तुकड्याचा चेंगरलेला कोपरा सोडला, तर बाकी काड्या ताठ होत्या आणि टोकाला बोंडं धरली होती. एका हंगामात, एका जागी पाहिलेलं आहे हे. दोन्ही तुकड्यांवर पुढे काय उगवतं, ते काही वर्षं सलग पाहायला हवं.

आणि इथेच सगळ्यात अवघड प्रश्न येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलं ओसरतात, तिकीटखिडकीवरची गर्दी आटते आणि हंगामी माणसांचं काम थांबतं. पण पर्यटक येणं पूर्ण थांबत नाही. सुट्टीत, बामणोलीला जाता-येता लोक पठारावर उतरतात. त्यांना समोर पिवळं पडलेलं गवत दिसतं, इथे आता काहीच नाही असं वाटतं, आणि ते मोकळेपणाने सगळीकडे फिरतात. तेच बी पडण्याचे दिवस असतात. फुलांच्या बहरात जपलेला तुकडा त्या पंधरवड्यात तुडवला गेला, तर सप्टेंबरभर कातळावर बसून केलेलं काम वाया जातं. वाळलेल्या बोंडांतून बी कसं सांडतं, हे भिंगातून दाखवायला ताईंना फार आवडलं असतं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पण तोवर त्यांचा भात कापणीला आला होता आणि पठारावरची मजुरी बंद झाली होती.

पुढच्या हंगामाच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. ओल्या तुकड्यांपैकी निवडक ठिकाणी हंगाम संपल्यावरही पंधरा दिवस एकेक माणूस ठेवायचा, कापणी सांभाळून आळीपाळीने. आणि त्या दिवसांची मजुरी गर्दीच्या महिन्यातल्या तिकिटांच्या पैशातून आधीच बाजूला काढून ठेवायची. ताईंच्या शेजारच्या घरातली एक सून यंदा काम शिकायला तयार आहे. तिला ऑगस्टातच ताईंसोबत पठारावर न्यायचं ठरलं आहे.